सगळं व्याज खर्चणं म्हणजे मुद्दलच खाणं

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, पुणे सोडून नाशिकला घरूनच काम करणाऱ्या आयटीवाल्यांत आणि गंगापूर रोडला सकाळी फिरायला येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींत हल्ली एक हिशेब सारखा कानावर येतो. एक कोटी जमले की बँकेत टाकायचे. सात टक्क्यांनी वर्षाला सात लाख व्याज. घर स्वतःचं आहे, पन्नास हजारांत महिना निघतो. मग पंचेचाळिशीतच राजीनामा द्यायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. महागाई ६ टक्के आणि व्याज ७ टक्के असेल, तर त्या ७ लाखांतले ६ लाख हे मुद्दलाची झीज भरून काढायला आलेले असतात. खर्चायला मोकळी असलेली कमाई एका लाखाच्या आसपास. जो माणूस सगळं व्याज घरखर्चाला लावतो तो मुद्दल खातो आहे, फक्त पासबुकात ते दिसत नाही. लवकर निवृत्त होऊ नये असं मी म्हणत नाही. पण व्याजाला उत्पन्न समजून घेतलेला हा निर्णय साठीच्या पुढे माणसाला उघड्यावर आणतो, आणि तेव्हा तो फिरवता येत नाही.

वर्षावार मांडून पाहा. ठेव १ कोटी, व्याज ७ टक्के, पहिल्या वर्षाचा खर्च ६ लाख, पुढे खर्चात दरवर्षी ६ टक्के वाढ, पैसे वर्षाच्या सुरुवातीला काढून घेतलेले. कर धरलेला नाही, कारण २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत एवढ्या व्याजावर रिबेटमुळे, म्हणजे करातल्या सुटीमुळे, कर लागत नाही. पहिल्या वर्षअखेर शिल्लक १ कोटी ५८ हजार. दुसऱ्या वर्षअखेर १ कोटी ८२ हजार. तिसऱ्या वर्षी १ कोटी ६६ हजार, चौथ्या वर्षी १ कोटी ६ हजार. म्हणजे चार वर्षं खर्च भागवूनही आकडा एक कोटीच्या खाली येत नाही आणि घरात सगळ्यांना वाटतं, जमलं. दहाव्या वर्षअखेर शिल्लक साडेत्र्याऐंशी लाख असते. तीही वाईट वाटत नाही. पण त्या वर्षी घरखर्च १० लाखांच्या पुढे गेलेला असतो आणि व्याज साडेपाच लाखांच्या आत आलेलं असतं. पंधराव्या वर्षअखेर उरतात ४३ लाख. अठराव्या वर्षाचा खर्च १६ लाख १६ हजार, तो भागवल्यावर वर्षअखेर हातात राहतात ५६ हजार. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडलेला माणूस तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा असतो.

कोणी म्हणेल, ६ टक्के महागाई जास्त धरली. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्क्यांचं आहे हे खरं, पण त्यात दोन टक्के वर-खाली अशी सवलत आहे आणि २००९ ते २०१३ या काळात किरकोळ महागाई १० टक्क्यांच्या आसपास फिरत होती. चाळीस वर्षांच्या हिशेबात तसा काळ पुन्हा येणारच नाही असं धरून चालणं धोक्याचं. आणि समजा ५ टक्केच धरली, तरी हे एक कोटी विसाव्या वर्षी संपतात. दोन वर्षांनी मरण लांबलं, एवढंच.

हा गैरसमज आला कुठून? मला वाटतं, मागच्या पिढीकडे बघून. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पीएफ आणि ग्रॅच्युइटी बँकेत टाकली आणि 'व्याजावर' सुखाने राहिले. प्रत्यक्षात ते राहिले पेन्शनवर, आणि त्या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला होता. व्याज ही वरची भर होती. शिवाय ते अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले होते. वीस-पंचवीस वर्षं निभावायची होती, चाळीस नाही. दरही वेगळे होते. पीपीएफवर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के मिळत होते, नव्वदच्या दशकाच्या मध्याला बँका मुदत ठेवीवर १२-१३ टक्के देत होत्या. एप्रिल २०२० पासून पीपीएफ ७.१ टक्क्यांवर आहे. २०२०-२१ मध्ये मोठ्या सरकारी बँकांच्या ठेवींचे दर साडेपाच टक्क्यांच्या खाली गेले होते. पाच वर्षांची ठेव नेमकी अशा वर्षी संपली, तर एक कोटीचं व्याज सात लाखांवरून साडेपाचवर येतं, आणि वाण्याचं बिल काही कमी होत नाही.

आता खर्चाकडे. नाशिक स्वस्त आहे, हा या सगळ्या स्वप्नाचा पाया. तो अर्धाच खरा आहे. पुण्या-मुंबईच्या मानाने इथे घर स्वस्त. पण पेट्रोल, औषधं, मोबाइल, इंजिनीअरिंगची फी आणि अँजिओप्लास्टीचा स्टेंट यांना शहर कळत नाही. ज्याचं घर स्वतःचं आहे त्याला नाशिकच्या स्वस्ताईचा मोठा भाग आधीच मिळून गेलेला असतो. आणि ही स्वस्ताई टिकेल याची हमी नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबईचं अंतर जसं कमी होईल तसे इथले दर मुंबईकडे सरकणार.

इंदिरानगरमध्ये स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट, नवरा-बायको आणि आठवीतलं एक मूल, असं घर धरा. किराणा-भाजी १४ हजार, दूध ३ हजार, लाइटबिल आणि गॅस साडेतीन हजार, सोसायटीचा मेंटेनन्स अडीच हजार, गाड्या आणि पेट्रोल ५ हजार, फोन-इंटरनेट २ हजार, शाळा आणि क्लास ७ हजार, मेडिक्लेमच्या हप्त्याचा महिन्याचा वाटा साडेतीन हजार, लग्नकार्यं-आहेर-सणवार ३ हजार, धुणंभांडी अडीच हजार, किरकोळ ४ हजार. झाले ५० हजार. माणसं इथेच थांबतात. पण दहा-बारा वर्षांनी गाडी बदलावी लागते. ९ लाखांची धरली तर दर महिन्याचे साडेसात हजार. घराचा रंग, फ्रीज, वॉशिंग मशीन, गळकी गच्ची, सोसायटीच्या लिफ्टची वर्गणी यांना वर्षाला ४० हजार धरले तर महिन्याचे आणखी ३,३००. म्हणजे खरा खर्च ६१ हजारांच्या घरात, आणि यात मुलाचं कॉलेज नाही, लग्न नाही, आई-वडिलांचं आजारपण नाही. वरचं गणित ६ लाखांवर केलं तेव्हा मी खरं तर हात सैल सोडला होता.

वर्षाकाठी न येणारे हे खर्च कागदावर आणायची साधी रीत आहे. बँकेचं आणि क्रेडिट कार्डाचं तीन वर्षांचं स्टेटमेंट काढायचं, खात्यातून बाहेर गेलेली सगळी रक्कम मिळवायची, त्यातून गुंतवणूक आणि कर्जाचे हप्ते वजा करायचे आणि तीनने भागायचं. अंदाजाने सांगितलेला खर्च या आकड्यापेक्षा जवळपास प्रत्येक घरात कमी निघतो.

मग किती पैसे लागतात? वार्षिक खर्चाच्या पटीत मोजणं सोयीचं. पंचेचाळीस ते पंच्याऐंशी अशी चाळीस वर्षं धरली आणि महागाई वजा जाता परतावा शून्य असेल, तर सरळ ४० पट. १ टक्का असेल तर ३३ पट. २ टक्के असेल तर २८ पट. ६ लाख खर्चाच्या घराला याचा अर्थ अनुक्रमे २ कोटी ४० लाख, सुमारे २ कोटी, आणि १ कोटी ६८ लाख. एक कोटी म्हणजे १७ पटसुद्धा होत नाहीत. '२५ पट पुरे' हा जो आकडा फिरतो, तो अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये काढलेल्या नियमातून आला. पहिल्या वर्षी निधीच्या ४ टक्के काढा आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्या, असा तो नियम. पण तो अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या परताव्यावर, तिथल्या महागाईवर आणि तीस वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेला होता. आपली महागाई तिथल्यापेक्षा जास्त आणि पंचेचाळिशीतल्या माणसाची मुदत दहा वर्षांनी मोठी. नाशिकच्या घरासाठी ३० पटीच्या खाली राजीनाम्याचा विचारही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ठेवींवर राहायचं असेल तर ३३ पटीच्या खाली नको.

महागाईच्या वर दोन टक्के परतावा मिळवायचा तर निधीचा मोठा भाग शेअर बाजारात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या साध्या निर्देशांक फंडांत, ठेवावा लागतो. तिथला धोका सरासरीत नसतो, क्रमात असतो. सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये ४,४०० च्या वर गेला होता आणि एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या आसपास होता. अकरा वर्षं. पगार चालू असलेल्या माणसाने त्या अकरा वर्षांत स्वस्तात खरेदी केली आणि पुढे पैसे कमावले. त्याच काळात दरमहा विकून खाणाऱ्याचे युनिट बाजार वर येईपर्यंत संपून गेले असते. २००८ मध्ये सेन्सेक्स जानेवारीच्या २१ हजारांवरून काही महिन्यांत साधारण ६० टक्के घसरला. एक कोटीचे ४० लाख झाले, त्यातून वर्षाचे ६ लाख काढले, उरले ३४. पुन्हा एक कोटी व्हायला आता १९४ टक्के वाढ हवी. घसरण निवृत्तीच्या विसाव्या वर्षी आली तर निभावतं. पहिल्या तीन वर्षांत आली तर तो निधी पुन्हा उभा राहत नाही.

म्हणून पैशाचे तीन हिस्से. खर्च ७ लाख आणि निधी २ कोटी १० लाख, म्हणजे ३० पट, असं उदाहरण घ्या. पहिल्या हिश्शात तीन वर्षांचा खर्च, २१ लाख: बचत खातं, त्याला जोडलेली आणि गरजेला आपोआप मोडणारी स्वीप ठेव, अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा लिक्विड फंड. दुसऱ्यात दहा वर्षांचा खर्च, ७० लाख: एक ते पाच वर्षांच्या ठेवी दरवर्षी एक सुटेल अशा लावलेल्या, पोस्टाची मासिक उत्पन्न योजना, पीपीएफ, रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे. पोस्टाच्या योजनेत संयुक्त खात्यावर १५ लाखांपर्यंत ठेवता येतात आणि ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० रुपये येतात. रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांवर २०२५ मध्ये ८.०५ टक्के मिळत होते, पण मुदत सात वर्षांची आणि साठीच्या आतल्या माणसाला ते मध्येच मोडता येत नाहीत. तिसऱ्या हिश्शात उरलेले १ कोटी १९ लाख निर्देशांक फंडांत.

चालवायचा नियम असा: दरवर्षी एप्रिलमध्ये एकदाच बघायचं. मागच्या वर्षात बाजार वाढला असेल तर तिसऱ्या हिश्शातून एका वर्षाचा खर्च काढून पहिल्यात टाकायचा. घसरला असेल तर तिसऱ्याला हात लावायचा नाही, दुसऱ्यातली सुटलेली ठेव पहिल्यात आणायची. एवढ्या तयारीवर बाजाराची तेरा वर्षं वाट पाहता येते. मोडतं कुठे? चांगल्या वर्षी. बाजार ३० टक्के वाढलेला असताना विकायला जीव होत नाही, पहिला हिस्सा भरायचा राहून जातो, आणि पुढच्याच वर्षी घसरण आली की नेमकं तळाला विकावं लागतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ७० लाख एकाच बँकेत, तेही अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून. ठेव विम्याचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकेत त्यापेक्षा जास्त ठेवू नये. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमाही नाही. ती बँक नसते, हे पाटीवरच्या अक्षरांतून कळत नाही आणि काउंटरवर कोणी सांगत नाही. आणि महिन्याला दोन-तीन टक्के देणारे जे कोणी असतील, त्यांच्याबद्दल नाशिककरांना केबीसी आणि मैत्रेय ही गुंतवणूकदारांना बुडवणाऱ्या कंपन्यांची दोन नावं पुरेशी आहेत. त्यांत बुडालेल्या पैशात निवृत्तीची पुंजी किती होती, हे या शहराने पोलीस ठाण्यांबाहेरच्या रांगांत पाहिलं आहे.

पंचेचाळीस ते साठ या पट्ट्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडे म्हातारपणासाठी सरकारने जे काही उभं केलं आहे ते साठीला उघडतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२५ मधल्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये हातात. पण वय हवं ६०. नियत वयाने किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन निवृत्त झालेल्याला ५५ पासून प्रवेश आहे, तोही निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडलं तर. चोपन्नाव्या वर्षी व्हीआरएस घेतली की ते दार सहा वर्षं बंद. बँकांचा ज्येष्ठांना मिळणारा अर्धा टक्का जास्तीचा दरही साठीनंतर.

पीएफच्या पेन्शनची तर वेगळीच कथा. दहा वर्षं सेवा झाली की हक्क मिळतो, पण पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी. पन्नाशीपासून घेता येते, मात्र जितकी वर्षं आधी घ्याल तितक्या वर्षांचे दर वर्षाला ४ टक्के कमी, आणि ती घट कायमची. मुळात रक्कम किती? पेन्शनपात्र पगाराची कमाल मर्यादा १५,०००. सूत्र: पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पंचवीस वर्षं पूर्ण मर्यादेने धरली तरी महिना ५,३५७ रुपये. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा असल्याने प्रत्यक्षात आणखी कमी. आणि तिला महागाई भत्ता नाही. पीएफची रक्कम लगेच काढली नाही तरी अठ्ठावन्नपर्यंत व्याज मिळत राहतं, पण नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र ठरतं, हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळतं. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षांच्या सेवेनंतर कुठल्याही वयात मिळते: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. खासगी नोकरीत २० लाखांपर्यंत करमुक्त.

आरोग्य विमा. राजीनाम्याच्या दिवशी कंपनीची पॉलिसी संपते, आणि पंचेचाळिशीत शुगर-बीपी निघालेल्या माणसाला नवी पॉलिसी सहजी मिळत नाही. मिळाली तरी आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा कालावधी लागतो. २०२४ पासून तो कमाल तीन वर्षांचा आहे. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरी सोडायच्या किमान तीन वर्षं आधी घ्यायची, कंपनीची चालू असताना, दोन्हींचा भार सोसून. अर्जात आजार लपवायचा नाही. लपवलेला मधुमेह पुढे बायपासचा दावा बुडवतो. मूळ पॉलिसी १० लाखांची आणि तिच्यावर १० लाख वजावटीची सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षाचं बिल १० लाखांच्या वर गेलं की पुढचं देणारी पॉलिसी, ही रचना एका मोठ्या पॉलिसीपेक्षा स्वस्तात पडते. खोलीभाड्याची मर्यादा नसलेलीच पॉलिसी घ्यावी. मर्यादा ५ हजारांची आणि खोली घेतली ८ हजारांची, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीशी जोडलेले सगळे खर्च पाच अष्टमांश धरले जातात. ४ लाखांच्या अशा बिलातले अडीच लाखच मिळतात, दीड लाख खिशातून. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, ही एक चांगली गोष्ट झाली. पण हप्ते वयाबरोबर वाढत जातात आणि ती वाढ ६ टक्क्यांत बसत नाही. विम्याबाहेर वेगळे १० लाख बाजूला ठेवायलाच हवेत.

'दुसरा फ्लॅट आहे, भाडं येईल' हे पुढचं उत्तर. ५० लाखांच्या फ्लॅटला महिना १३ हजार भाडं धरा. वर्षाचे १ लाख ५६ हजार. त्यातून मालकाने भरायचा मेंटेनन्स ३० हजार, एक महिना रिकामा गेल्याचे १३ हजार, घरपट्टी आणि दुरुस्ती १० हजार. उरले १ लाख ३ हजार, म्हणजे जेमतेम २ टक्के. तरी मी भाड्याला ठेवीपेक्षा कमी लेखत नाही, कारण भाडं महागाईबरोबर वाढतं आणि हे २ टक्के महागाई वजा जाता उरलेले आहेत. अडचण वेगळी आहे. हॉस्पिटलला ५ लाख लागले तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही, आणि तीस वर्षांनंतरच्या त्या इमारतीची अवस्था कोणी हिशेबात धरत नाही. निधी मोजताना दुसरा फ्लॅट निम्म्या किमतीहून जास्त धरू नये. राहतं घर तर मोजायचंच नाही.

शेतीचं म्हणाल, तर दिंडोरी-निफाडकडे दोन एकर द्राक्षबाग घेऊन निवांत राहू म्हणणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला कुळकायद्यानुसार शेतजमीन विकत घेता येत नाही. घरची असेल तर एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी, मग डावणी-भुरीच्या फवारण्या, आणि मणी फुगत असताना अवकाळी पाऊस आला की वर्षाचा खर्च अंगावर. ते पूर्ण वेळचं काम आहे. त्याला गुंतवणुकीचं उत्पन्न म्हणणं हा बागायतदाराच्या कष्टांचा अपमान आहे.

कराचं थोडक्यात. व्याज पूर्ण करपात्र. पण २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट आहे, त्यामुळे मध्यम निधीच्या घराला फारशी झळ नाही. शेअर फंडांतून वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के, या नफ्यावरच्या कराला तो रिबेट मात्र लागू नाही. लाभांश घेण्यापेक्षा ठरावीक रक्कम काढून घेण्याची सोय बरी, कारण तिच्यात फक्त नफ्याच्या भागावर कर लागतो. कर वाचवायला बायकोच्या नावावर ठेव केली तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

मग एक कोटीवाल्या पंचेचाळिशीतल्या माणसाने काय करावं? नोकरी नकोशी झाली असेल तर ती बदलावी, थांबू नये. सगळं काही सोडून घरी बसणं आणि साठीपर्यंत दहा-बारा तास राबणं यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे, आणि नाशिकसारख्या शहरात ती जास्त आहे: लघुउद्योगांना आठवड्यातून तीन दिवस लागणारा गुणवत्ता किंवा देखभालीचा जाणकार, आयटीआय-पॉलिटेक्निकला हवा असलेला शिकवणारा, जीएसटी आणि हिशेब सांभाळणारा माणूस. महिना २० हजार, महागाईप्रमाणे वाढणारे, साठीपर्यंत मिळाले तर तेच एक कोटी त्रेसष्टऐवजी सत्तरीपर्यंत पुरतात. नोकरीतच आणखी पाच वर्षं काढून महिना ४० हजार टाकत राहिलं तर ७ टक्क्यांनी १ कोटी ६९ लाख होतात. तोवर खर्च ८ लाखांवर गेलेला असतो, निधी होतो २१ पट आणि पुरतो त्र्याहत्तरीपर्यंत. पाच वर्षं नोकरी आणि मग साठीपर्यंत आजच्या २० हजारांच्या मोलाचं अर्धवेळ काम, असं दोन्ही केलं तर अठ्ठ्याहत्तरी गाठली जाते. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक योजनेचा वाढीव दर आणि ती तुटपुंजी पेन्शन धरली की पुढचं अंतर आवाक्यात येतं.

आणि ज्याचे ३० पट खरोखर जमले आहेत, त्याने राजीनाम्याआधी बारा महिने त्या आकड्यात राहून दाखवावं. पगार आला की पूर्ण गुंतवणुकीत, घर चालवायचं ठरलेल्या रकमेतून, एक पैसा जास्त नाही. त्या वर्षात एक दिवाळी, एक लग्न, शाळेची फी आणि गाडीचा विमा येऊन जातो. गृहकर्ज शून्य करून घ्यावं, कारण पगाराची स्लिप गेली की नवं कर्ज जवळजवळ बंद होतं. मुलाच्या शिक्षणाचे पैसे या ३० पटींच्या बाहेर ठेवावेत. बायकोला खाती, पासवर्ड, नॉमिनी आणि ते एप्रिलचं काम येत असावं. घसरणीच्या वर्षी नवरा आयसीयूत असू शकतो.

आता वरच्या सगळ्या हिशेबात न बसणाऱ्या माणसाचं बोललं पाहिजे. प्रेस शॉपमध्ये किंवा फोर्जिंगच्या भट्टीसमोर तीन पाळ्यांत पंचवीस वर्षं काढलेल्या कामगाराला पन्नाशीत थांबावंसं वाटतं ते हौसेने नाही. ऐकू कमी येतं, मणके गेलेले असतात, रात्रपाळीने झोप कायमची मोडलेली असते. त्याच्यापुढे कंपनी व्हीआरएसचा कागद ठेवते, त्यातल्या भरपाईचे ५ लाखच करमुक्त असतात, आणि 'बँकेत टाका, व्याज खा' एवढाच सल्ला मिळतो. त्याच्याकडे ३० पट कधीच असणार नाहीत. त्याला अजून काम करा म्हणणं मला बरोबर वाटत नाही, आणि व्याजावर राहा म्हणणं ही फसवणूक आहे. इथे प्रश्न धोरणाचा होतो. कारखाना बंद पडून किंवा व्हीआरएस घेऊन बाहेर पडलेल्याला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पन्नाशीपासून प्रवेश हवा. निवृत्त सैनिकांना तो आहेच. कंपनीची आरोग्य पॉलिसी तशाच अटींवर स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवण्याचा हक्क व्हीआरएसच्या करारात लिहून मिळायला हवा, आणि कामगार संघटनांनी भरपाईच्या रकमेइतकाच त्यावर जोर धरायला हवा. महागाईशी जोडलेले रोखे पुन्हा आणायला हवेत. डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तसे आणले होते: ग्राहक महागाईचा दर आणि त्यावर दीड टक्का. प्रतिसाद मिळाला नाही म्हणून ते मागे पडले, पण त्यांत व्याज साठत जाऊन दहा वर्षांनी एकदम मिळत होतं. ज्याला दर महिन्याला वाण्याचं बिल भरायचं आहे त्याच्या ते कामाचं नव्हतं. तेच रोखे, दर तिमाहीला पैसे हातात देणारे, पोस्टाच्या खिडकीवर विकायला ठेवले तर अंबडमधून पन्नाशीत बाहेर पडणाऱ्याला निदान पतसंस्थेच्या दारात जावं लागणार नाही.